उपाशी मिथेनजंतूला नायट्रोजन संपल्याचं कळतं कसं?

उन्हाळा आला की भांडेवाडीच्या कचराडेपोला आग लागल्याची बातमी येते, आणि नागपूरकर ती वाचून पान उलटतात. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, ओला कचरा तिथे कुजत राहतो, त्यातून मिथेन निघतो आणि मिथेनला पेटायला फक्त निमित्त लागतं. काटोलकडच्या एखाद्या गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीत हाच वायू तयार होतो आणि शेगडीवर निळा जळतो. मौदा-रामटेकच्या बाजूला धानाच्या बांधीत पाय टाकला की चिखलातून बुडबुडे वर येतात, त्यांतही तो असतो. आणि भर रस्त्यात बसून निवांत रवंथ करणारी गाय थोड्या थोड्या वेळानं ढेकर देते, त्या ढेकरेतही तोच.

या चारही ठिकाणी काम करणारे जीव एकाच घराण्यातले. त्यांना मिथेनजंतू म्हणू, पण ते जिवाणू नव्हेत. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंसारखेच दिसतात म्हणून कितीतरी वर्षं त्यांची गणना जिवाणूंत होत होती. १९७७ साली कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करून दाखवलं की हा सजीवांचा वेगळाच गट आहे. त्याला आज आर्किया म्हणतात. मिथेनजंतू ऑक्सिजनमध्ये जगत नाहीत. काही जण हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर गुजराण करतात, काही ॲसिटेटवर, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाच्या क्षारावर, तर काही मिथेनॉलवर. खाऊन झाल्यावर जे उरतं ते मिथेन. आपल्याला तो इंधन वाटतो किंवा हवामानाचं संकट वाटतं. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. त्यांच्या लेखी मात्र ती निव्वळ टाकाऊ वस्तू.

मिथेनबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येतं. मला इथे त्यांच्या दुसऱ्या गरजेबद्दल सांगायचंय. प्रत्येक सजीवाला प्रथिनं आणि डीएनए बनवायला नायट्रोजन लागतो. मिथेनजंतूंना तो मिळतो कुठून, आणि मिळेनासा झाला की त्यांना ते कळतं कसं? यातला दुसरा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, एकच पेशी. तरी ही पेशी नायट्रोजनचा हिशेब असा चोख ठेवते की नवल वाटावं.

सोळा एटीपीचा सौदा

नायट्रोजनला तोटा नाही. आपल्याभोवतीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आणि बांधीतल्या पाण्यातही तो विरघळलेला असतो. अडचण अशी की हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं जखडलेले असतात. रसायनशास्त्रातल्या सर्वात चिवट बंधांपैकी हा एक. तो तोडून अमोनिया बनवायला खताच्या कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. सूक्ष्मजीव हेच काम साध्या तापमानाला नायट्रोजिनेज नावाच्या एन्झाइमच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, मदतीनं करतात, पण फुकट नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला सोळा एटीपी खर्ची पडतात. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन. शिवाय आठ इलेक्ट्रॉन द्यावे लागतात ते वेगळे.

विदर्भात हे काम कुठे चालतं असं विचारलं तर शेतकरी लगेच तुरीच्या मुळाकडे बोट दाखवेल. तिथल्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि तूर त्यांना साखर पुरवते. मिथेनजंतूला असं पोसणारं कोणी नाही. ॲसिटेटचा एक रेणू फोडून मिथेन बनवला तर हाती एक पूर्ण एटीपीसुद्धा येत नाही. म्हणजे नायट्रोजनचा एकच रेणू फोडायचा तर सोळाहून कितीतरी जास्त ॲसिटेट त्याच्यावर ओवाळून टाकावे लागतात. इतकी हातातोंडाशी गाठ असलेला जीव हा महागडा उद्योग करत असेल, अशी फारशी कुणाला अपेक्षा नव्हती. १९८४ साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मिथेनजंतूंच्या दोन वेगवेगळ्या जातींत हे दाखवून दिलं. अमोनिया दिला नाही, बाटलीत फक्त नायट्रोजन वायू ठेवला, तरी ते वाढले. सावकाश वाढले, पण वाढले.

एका बाबतीत मात्र त्यांची चैन आहे. ऑक्सिजन लागला की नायट्रोजिनेज नासतं. म्हणून तुरीच्या गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन ऑक्सिजनला धरून ठेवतं, आणि ताजी गाठ कापली की आतून गुलाबी दिसते ती त्यामुळेच. मिथेनजंतू मुळातच ऑक्सिजनच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, त्यामुळे त्यांना ही कटकट नाही.

आता खर्च एवढा म्हटल्यावर नियम उघड आहे. आयता अमोनिया मिळत असेल तर नायट्रोजिनेज बनवायचंच नाही. अमोनिया संपला तरच बनवायचं. आणि मध्येच अमोनिया आला तर बनवलेलंसुद्धा ताबडतोब थांबवायचं. नियम सांगायला सोपा, पण तो पाळायचा तर पेशीला आधी कळायला हवं की नायट्रोजन आहे की नाही.

विटांचा ढीग

इथे जरा थांबू, कारण सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली इथे आहे.

आपल्याला वाटेल की पेशी अमोनिया मोजत असेल. तसं नाही. मिथेनजंतू मोजतात २-ऑक्सोग्लुटारेट नावाचा पाच कार्बनांचा एक लहानसा रेणू, आणि गंमत अशी की त्यात नायट्रोजन मुळीच नसतो.

अमोनिया पेशीत शिरल्यावर काय होतं ते पाहू. ग्लुटामाइन सिंथेटेज हे एन्झाइम एक एटीपी खर्चून अमोनिया ग्लुटामेट या अमिनो आम्लाला, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकाला, जोडतं आणि ग्लुटामाइन तयार होतं. मग दुसरं एन्झाइम ग्लुटामाइनवरचा तो नायट्रोजन काढून २-ऑक्सोग्लुटारेटवर बसवतं, आणि एकाचे दोन ग्लुटामेट होतात. पुढे या ग्लुटामेट-ग्लुटामाइनमधूनच पेशीतल्या बाकीच्या रेणूंना नायट्रोजन वाटला जातो. म्हणजे २-ऑक्सोग्लुटारेट हा नायट्रोजन बसवण्याचा सांगाडा. एखाद्या बांधकामावर रोज विटा येऊन पडतात आणि सिमेंट वेळेवर आलं तर त्या भिंतीत जातात. सिमेंट थांबलं की विटांचा ढीग वाढायला लागतो. मालकानं गोदामात जाऊन सिमेंटच्या गोण्या मोजायची गरज नाही, रस्त्यावरून ढीग पाहिला तरी पुरे. पेशी तेच करते. २-ऑक्सोग्लुटारेट साचायला लागलं, म्हणजे नायट्रोजन कमी पडतोय.

आता बारावीचं जीवशास्त्र आठवत असेल तर कुणी म्हणेल, की २-ऑक्सोग्लुटारेट तर क्रेब्स चक्रातलं. आपल्या पेशींत ते सतत बनतं आणि ऊर्जेसाठी सतत जळतं, मग त्याच्या पातळीवरून नायट्रोजनचा अंदाज कसा बांधणार? शंका रास्त आहे. पण मिथेनजंतूंचं क्रेब्स चक्र पूर्ण नसतंच. मिथॅनोसार्सिना या गटात ते एका बाजूनं, सायट्रेटकडून येतं आणि २-ऑक्सोग्लुटारेटपाशी संपतं. मिथॅनोकॉकसमध्ये उलट्या बाजूनं, सक्सिनेटकडून येतं आणि तेही तिथेच संपतं. वाटा दोन, पण मुक्काम एकच. त्या मुक्कामावरून पुढे जायला मुख्य रस्ता उरतो तो नायट्रोजन बसवून घेण्याचा. म्हणून या जीवांत २-ऑक्सोग्लुटारेटची पातळी ही नायट्रोजनच्या तुटवड्याची जवळजवळ शुद्ध खूण ठरते. ई. कोलायसारखे जिवाणू ग्लुटामाइनवरही बारीक नजर ठेवतात आणि त्यासाठी प्रथिनांवर रासायनिक खुणा चिकटवणं-काढणं असा लांबलचक कारभार करतात. मिथेनजंतूंनी तो खटाटोप बराच आटोपशीर केलाय.

जनुकावर बसलेला पहारेकरी

खूण कळली, पण ती जनुकांपर्यंत पोचते कशी?

यातलं बरंचसं ज्ञान दोन जातींच्या अभ्यासातून आलं. एक मिथॅनोकॉकस मॅरिपालुडिस, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीतून मिळालेली. तिच्यावर वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन ली यांच्या गटानं काम केलं. दुसरी मिथॅनोसार्सिना मझेई. तिचा प्रयोगशाळेत वापरला जाणारा वाण जर्मनीतल्या गॉटिंगेनचा, आणि तिच्या नायट्रोजनच्या कारभारावर कील विद्यापीठात रूथ श्मिट्झ-श्ट्राइट यांच्या गटानं वर्षानुवर्षं काम केलंय. या जीवांवर प्रयोग करणं सोपं नाही. ऑक्सिजनचा लवलेश नसलेल्या पेटीत हातमोजे घालून काम करावं लागतं, साधी बाटली उघडायची तरी सोहळा असतो.

मॅरिपालुडिसमध्ये नायट्रोजन फोडण्याची आठ जनुकं एका ओळीत शेजारीशेजारी आहेत. त्यांना एकत्रितपणे निफ जनुकं म्हणतात. या ओळीची नक्कल जिथून सुरू होते त्या जागेजवळ डीएनएवर एक ठरावीक मजकूर आहे. जी-जी-ए-ए, मग सहा अक्षरं, मग टी-टी-सी-सी. डीएनएच्या दोन धाग्यांत ए समोर टी आणि जी समोर सी असतं. त्यामुळे समोरच्या धाग्यावर उलट्या दिशेनं वाचलं तरी पुन्हा जी-जी-ए-ए, सहा अक्षरं, टी-टी-सी-सी हेच येतं. अशा दोन्ही बाजूंनी सारख्या जागेवर प्रथिनाचे दोन सारखे भाग जोडीनं छान बसतात. इथे जे प्रथिन बसतं त्याचं नाव एनआरपीआर.

अमोनिया भरपूर असताना एनआरपीआर या जागेवर ठाण मांडून बसतं आणि जनुकांची नक्कल काढणारं यंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, पुढे सरकू शकत नाही. निफ जनुकं गप्प. अमोनिया संपला, २-ऑक्सोग्लुटारेट साचलं, की ते सरळ जाऊन एनआरपीआरला चिकटतं. त्यासरशी प्रथिनाचा आकार बदलतो, डीएनएवरची पकड ढिली होते, ते बाजूला होतं आणि निफ जनुकं बोलायला लागतात. मध्ये निरोप्या नाही. परीक्षानळीत शुद्ध एनआरपीआर, डीएनएचा तुकडा आणि २-ऑक्सोग्लुटारेट एवढंच घेतलं तरी पकड सैल होताना दिसते. मला हा प्रयोग फार आवडतो. पेशीबाहेर तीनच वस्तूंनी जी गोष्ट घडते, तिच्याबद्दल मग फारसा वाद उरत नाही.

हा कारभार फक्त चालू किंवा बंद असा नाही. मॅरिपालुडिसला अमोनियाऐवजी ॲलनिन हे अमिनो आम्ल दिलं तर ती ना तृप्त असते ना उपाशी, आणि निफ जनुकंही मधल्याच सुरात बोलतात. निफ जनुकांपाशी एनआरपीआरच्या बसायच्या जागा दोन आहेत. अमोनिया असताना पूर्ण बंद ठेवायला पहिली जागा पुरते, पण ॲलनिनवरचा मधला सूर सांभाळायचा तर दुसरीही लागते. एकाऐवजी दोन जागा कशाला, याचं उत्तर त्यात आहे. ग्लुटामाइन सिंथेटेजच्या जनुकावरही एनआरपीआरचा पहारा असतो, मात्र ते जनुक कधीच पूर्ण बंद होत नाही. अमोनिया कितीही असला तरी ग्लुटामाइन बनवावंच लागतं, नाहीतर पेशी मरेल. ऐषारामाच्या वस्तूला कुलूप आणि जेवणाला नुसतं रेशन, असा हा फरक.

इथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. आर्कियाचं जनुकांची नक्कल काढण्याचं यंत्र जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींतल्या यंत्राशी जास्त मिळतंजुळतं. तसाच टाटा नावाचा डीएनएवरचा थांबा, तशीच त्या थांब्यावर आधी येऊन बसणारी प्रथिनं. पण त्या यंत्राला अडवणारा एनआरपीआर मात्र जिवाणूंतल्या पहारेकऱ्यांच्या धाटणीचा. मझेईच्या जनुकसंचाचं वाचन २००२ साली प्रसिद्ध झालं तेव्हा तिची सुमारे एक तृतीयांश जनुकं जिवाणूंच्या जनुकांशी सर्वात जास्त जुळणारी निघाली. दोन घराण्यांची भांडीकुंडी एकाच स्वयंपाकघरात नांदताहेत, तेही बिनतक्रार.

मझेईनं तर पहारा आणखी कडक केलाय. तिच्याकडे एनआरपीआर दोन तऱ्हेचं आहे. पहिलं डीएनए ओळखतं. दुसरं पहिल्याला जोडलं जातं आणि टाटा थांब्यावर आधीच येऊन बसलेल्या प्रथिनांनाही धरून ठेवतं, म्हणजे पॉलिमरेजला जागा मिळत नाही. शिवाय निफ जनुकांसाठी तिथे एनआरपीए नावाचं खास चालना देणारं प्रथिन लागतं, आणि त्या एनआरपीएच्या जनुकावरसुद्धा एनआरपीआरचाच पहारा. तेव्हा आधी पहारेकरी हलायला हवा, मग एनआरपीए बनायला हवं, आणि मग निफ जनुकं उघडायची. सोळा एटीपीचा सौदा करण्याआधी दोनदा विचारून घेण्याची ही सवय मला तरी समंजस वाटते.

नक्कल निघाली तरी काम संपत नाही

जनुक उघडलं की आरएनएची नक्कल निघते, आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. नकला मात्र फार टिकत नाहीत, पेशीतली एन्झाइमं त्यांचे तुकडे करत असतात. २००९ साली मझेईवर एक मोठा अभ्यास झाला. तिला एकदा नायट्रोजन भरपूर देऊन आणि एकदा उपाशी ठेवून तिच्यातले सगळे आरएनए वाचले गेले. त्यात अडीचशेच्या आसपास लहान आरएनए सापडले, ज्यांपासून प्रथिन बनत असेल असं दिसत नव्हतं. त्यांतल्या काहींची पातळी नायट्रोजनप्रमाणे वरखाली होत होती. १५४ क्रमांकाचा आरएनए तर फक्त उपासमारीत दिसत होता.

त्याचं काम पुढे उलगडलं. तो निफ जनुकांच्या लांब नकलेला जाऊन चिकटतो आणि तिला लवकर तुटू देत नाही. एनआरपीएच्या नकलेलाही तो असाच जपतो. म्हणजे एका बाजूनं जनुकं उघडी, दुसऱ्या बाजूनं निघालेल्या नकला जपलेल्या. आणि या १५४ क्रमांकाच्या आरएनएच्या जनुकावर कुणाचा पहारा? पुन्हा एनआरपीआरचाच. विटांचा ढीग वाढला की एकाच हुकुमावर हे सगळं एका दिशेनं हलतं.

आता उलटी वेळ विचारात घ्या. पेशी उपाशी आहे, नायट्रोजिनेज तयार करून कामाला लावलंय, आणि अचानक अमोनिया आला. समजा बांधीत कुणी युरिया टाकला. मातीतले जीव युरिया फोडतात आणि अमोनिया सुटतो. २-ऑक्सोग्लुटारेट झपाट्यानं खर्ची पडतं, एनआरपीआर पुन्हा डीएनएवर येऊन बसतं, नव्या नकला थांबतात. पण आधीच बनलेलं नायट्रोजिनेज? ते एटीपी खातच राहणार. जनुक बंद केल्यानं बनलेलं एन्झाइम बंद होत नाही.

याचीही तजवीज आहे, आणि ती कुठे ठेवलीय ते पाहण्यासारखं आहे. मॅरिपालुडिसच्या त्या आठ जनुकांच्या ओळीत नायट्रोजिनेजच्या भागांची जनुकं आहेत, आणि त्यांच्या मधोमध निफ-आय-१ आणि निफ-आय-२ अशी दोन छोटी जनुकं बसलीत. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं अमोनिया आला की थेट नायट्रोजिनेजला जाऊन धरतात आणि त्याचं काम थांबवतात. यासाठी तास लागत नाहीत, काही मिनिटं पुरतात. एन्झाइम तोडलं जात नाही, नुसतं रोखलं जातं. अमोनिया संपून २-ऑक्सोग्लुटारेट पुन्हा वाढलं की तेच या दोघांना सोडवतं आणि एन्झाइम पुन्हा चालू. ज्या ओळीवरून नायट्रोजिनेज बनतं त्याच ओळीवरून त्याचा लगामही बनतो, त्यामुळे घोडा बिनलगामी निघायची सोयच नाही.

ही दोन प्रथिनं पी-टू या फार जुन्या घराण्यातली आहेत. नायट्रोजनचा हिशेब ठेवणारं हे घराणं जिवाणूंत आहे, आर्कियात आहे, वनस्पतींच्या हरितलवकातसुद्धा आहे. मझेईत याच घराण्यातलं जीएलएनके-१ ग्लुटामाइन सिंथेटेजला आवरतं, आणि तिथेही २-ऑक्सोग्लुटारेट आलं की ते हात काढून घेतं. याच घराण्यातली प्रथिनं पेशीच्या आवरणातल्या अमोनियाच्या वाटेवरही बूच मारू शकतात.

ग्लुटामाइन सिंथेटेजची आणखी एक तऱ्हा अलीकडे उघड झाली. अतिशीत तापमानाला गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पाहिल्यावर दिसलं की मझेईचं हे एन्झाइम २-ऑक्सोग्लुटारेट नसताना दोन-दोन तुकड्यांत विखुरलेलं राहतं. २-ऑक्सोग्लुटारेट आलं की बारा तुकडे एकत्र येऊन दोन थरांचं कडं बनतं, आणि कामाचं असतं ते हे कडं. म्हणजे नायट्रोजनची भूक लागल्यावरच अमोनिया पकडणारं एन्झाइम जुळून येतं. या एन्झाइमला चिकटणारं केवळ तेवीस अमिनो आम्लांचं एक प्रथिनही मझेईत सापडलंय. एवढी लहान प्रथिनं जुन्या पद्धतीच्या शोधांत सहज निसटायची, कारण संगणकाला जनुकं शोधायला सांगताना इतक्या आखूड ओळी गाळूनच टाकत.

तर राजेहो, डीएनएवर, आरएनएवर आणि तयार एन्झाइमवर, असा तीन ठिकाणी पहारा आहे आणि बहुतेक सगळीकडे हुकूम एकाच पाच कार्बनी रेणूचा चालतो.

मग गोबरगॅसचं काय?

नागपुरात १९५८ साली सुरू झालेली, आज नीरी म्हणून ओळखली जाणारी संस्था सांडपाण्याचा अभ्यास करते. भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. त्यामुळे या शहरात बायोगॅस, गाळ, स्लरी या शब्दांचं कुणाला अप्रूप नाही. तरी गोबरगॅसबद्दल एक समज मी बरेचदा ऐकतो. टाकीतले जंतू हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणून स्लरी शेणखतापेक्षा कसदार. यातला दुसरा भाग बऱ्याच अंशी बरोबर आहे, पहिला नाही.

शेणामुताच्या टाकीत अमोनिया मुबलक असतो. प्रथिनं कुजली, मूत्रातला युरिया फुटला, की तो सुटतोच. अशा ठिकाणी मिथेनजंतूंचं २-ऑक्सोग्लुटारेट साचत नाही, एनआरपीआर डीएनएवर पक्कं बसलेलं राहतं आणि निफ जनुकं उघडायचं काही कारणच उरत नाही. स्लरीतला नायट्रोजन हा जनावरानं चाऱ्यातून खाल्लेलाच नायट्रोजन. फरक इतकाच की उकिरड्यावर उघड्यानं शेण पडलं तर त्यातला बराच नायट्रोजन अमोनियाच्या रूपात उडून जातो, बंद टाकीत तो राहतो, आणि पिकाला लगेच उचलता येईल अशा रूपात राहतो. स्लरी उघड्या खड्ड्यात मेच्या उन्हात ठेवली की तो फायदाही हवेत जातो.

दुसरा गैरसमज बांधीबद्दलचा. युरिया टाकल्यावर मिथेनजंतूंची नायट्रोजनची जनुकं बंद होतात, तर मग मिथेनही कमी होत असेल? नाही. मिथेन बनवणं हा त्यांचा जगण्याचा धंदा आहे, तो नायट्रोजनच्या जनुकांवर अवलंबून नाही. उलट सोळा एटीपीचा खर्च वाचल्यानं ते जास्त आरामात वाढतात. बांधीतला मिथेन कमी करायचा तर रोवणीनंतर मधूनमधून पाणी उतरू द्यावं, मातीत हवा शिरू द्यावी, हा मार्ग आहे. ऑक्सिजनपुढे त्यांचं कोणतंही जनुक चालत नाही.

आणि एक मर्यादा. हा सगळा पहारा तुटवड्यासाठी घडलेला आहे, अतिरेकासाठी नाही. कोंबडीखत नायट्रोजननं फार भरलेलं असतं. शेणाच्या टाकीत ते एकदम ओतलं की अमोनिया इतका वाढतो की मिथेनजंतू गुदमरतात. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. विद्युतभारित अमोनियम पेशीच्या आवरणातून सहजी आत जात नाही, पण भार नसलेला मोकळा अमोनिया सरळ आत घुसतो, आणि खरा अपाय त्याचाच. तापमान वाढलं किंवा टाकी अल्कधर्मी झाली की मोकळ्या अमोनियाचं प्रमाण वाढतं. म्हणून जी मात्रा थंडीत खपून जाते ती नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीला झेपत नाही. पेशीनं निफ जनुकं बंद केली, ग्लुटामाइन सिंथेटेज आवरलं, अमोनियाच्या वाटेवर बूच मारलं, तरी मोकळा अमोनिया त्या वाटेनं येतच नाही. एनआरपीआर तेव्हा डीएनएवर चोख बसलेलं असतं आणि गॅस मात्र येत नाही.

इलाज जनुकात नाही, खाद्यात आहे. टाकीत जाणाऱ्या मालात नायट्रोजनच्या वीस ते तीस पट कार्बन असावा असा साधारण हिशेब धरतात. शेण त्या हिशेबात बहुतेक वेळा आपोआप बसतं. कोंबडीखत घालायचंच असेल तर थोडं थोडं, पाणी जास्त घालून, आणि सोबत धानाची तणस किंवा सोयाबीनचं कुटार बारीक करून घालावं. अख्खी तणस टाकली तर ती वर तरंगून जाड साय धरते आणि गॅसची वाट अडते, मग टाकी उघडून हातानं काढत बसावं लागतं.